बेटावरची हजेरी

वेल्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत समुद्रात स्कोकहोम नावाचं एक बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम शंभर हेक्टर. तांबड्या वालुकाश्माचे कडे, वर वाऱ्याने खुरटलेलं गवत, आणि झाड म्हणावं असं जवळजवळ काहीच नाही. मार्च लागला की इथे माणसं परततात, बहुतेक पाखरांच्या थोडी आधी. हिवाळाभर बंद असलेलं पक्षी-केंद्र उघडायचं, ओल धरलेल्या खोल्या वाळवायच्या, वादळात निखळलेली दारं बसवायची, शिधा आणि गॅसच्या टाक्या बोटीतून उतरवून वर न्यायच्या. समुद्र खवळलेला असेल तर बोट अनेक दिवस येत नाही. हे सगळं चालू असताना कामातल्या माणसाचा एक डोळा खालच्या पाण्यावर असतो, कारण पफिन हे समुद्रपक्षी आधी तिथे दिसतात.

पफिन आल्या आल्या जमिनीवर उतरत नाहीत. मार्चच्या मध्यानंतर एखाद्या सकाळी कड्याखालच्या पाण्यावर काळे-पांढरे ठिपके दिसू लागतात. दुपारपर्यंत ते शेकड्यांनी होतात. आठ महिने ज्यांच्या पायाला जमीन लागलेली नाही अशी ही पाखरं बेटाच्या अगदी जवळ तरंगत राहतात आणि वर यायला धजत नाहीत. मग थवा उठतो, बेटावरून एक-दोन घिरट्या घालतो, पुन्हा पाण्यावर बसतो. दोन-तीन दिवसांनी एखादा पक्षी गवतावर उतरतो, मान ताठ करून इकडेतिकडे पाहतो आणि घाबरून उडून जातो. त्याच्यामागून दुसरा उतरतो. एकदा धीर चेपला की संध्याकाळपर्यंत उतार भरून जातो. आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर एकही पफिन नाही, ना जमिनीवर ना पाण्यावर. वीण सुरू होण्याआधीचे काही आठवडे हे असंच चालतं: चार-पाच दिवस गर्दी, चार-पाच दिवस सामसूम. नवख्या माणसाला वाटतं, पाखरं बेट सोडून गेली. ती पोट भरायला दूर समुद्रात गेलेली असतात.

समुद्रपक्ष्याला पाण्यावर जवळपास सगळं जमतं. तो तिथे खातो, खारं पाणी पितो, झोपतो, पिसं बदलतो. फक्त अंडं तिथे घालता येत नाही. त्या एका अडचणीपायी त्याला दर वसंतात जमिनीपाशी यावं लागतं, आणि त्या एका अडचणीमुळेच आपल्याला त्याच्याबद्दल काही कळतं. उरलेल्या काळात तो अटलांटिकच्या अशा भागात असतो, जिथे त्याला पाहायला कोणी नसतं. तिथे वादळ झालं, मासे आटले, जहाजातून तेल सांडलं, तरी त्यात किती पाखरं गेली हे सांगणारं कोणी नाही. ते कळतं मार्च-एप्रिलमध्ये, अशा बेटांवर, कोण परत आलं आणि कोण आलं नाही यावरून. हे प्रकरण त्या हजेरीबद्दल आहे. माझ्या मते समुद्राच्या तब्येतीचा इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक दाखला दुसरा नाही. अट एकच: हजेरी दर वर्षी, त्याच पद्धतीने, न चुकता घेतली पाहिजे.

पफिनची हजेरी कशी घेतात ते आधी पाहू. स्कोकहोमच्या उत्तरेला स्कोमर हे त्याहून बरंच मोठं बेट आहे. तिथे मार्चअखेर ते एप्रिलच्या पूर्वार्धात वारा पडलेल्या संध्याकाळी निवडतात. संध्याकाळ अशासाठी की दिवसभर चरून आलेली पाखरं तेव्हा बेटाजवळ गोळा होतात. किनारा वाटून घेतला जातो, आणि प्रत्येक जण आपल्या हद्दीतले पक्षी तीन हिशेबांत मोजतो: जमिनीवरचे, पाण्यावरचे आणि हवेतले. ही मोजणी अंडी घालायच्या आत उरकावी लागते. एकदा अंडं आलं की जोडीतला एक जण बिळात बसतो आणि मोजणीतून सुटतो. त्यात पुन्हा आज गर्दी, उद्या सामसूम हा प्रकार आहेच, म्हणून अनेक संध्याकाळी मोजायचं आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. २०२५ साली स्कोमरवर असा ४३ हजारांहून अधिक पफिनांचा आकडा आला. युरोपात अनेक ठिकाणी पफिन घटत असताना हे बेट भरभराटीला आलं आहे, ही बातमी सुखाची आहेच. पण ती सुखाची आहे हे कळायला आधीच्या वर्षांचे आकडे हाताशी असावे लागतात.

हे पफिन येतात कुठून? फार काळ याचं उत्तर ‘समुद्रातून’ एवढंच होतं. मग काही ग्रॅम वजनाची उपकरणं आली. पायातल्या कड्याला बांधलेलं हे उपकरण दुसरं काही करत नाही, फक्त ठरावीक वेळाने उजेड किती आहे ते नोंदवतं. उजेडाच्या नोंदीवरून सूर्योदय आणि सूर्यास्त कळतात. दिवस किती लांबीचा यावरून अक्षांश, आणि भर दुपार किती वाजता झाली यावरून रेखांश. म्हणजे जुन्या खलाशांचीच रीत, पाखराच्या पायाला बांधलेली. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या टिम गिल्फर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोमरच्या पफिनांवर ही उपकरणं लावली तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. एकाच बेटावरचे पफिन एका वाटेने जात नाहीत. कोणी आइसलंड-ग्रीनलंडच्या दिशेने उत्तर अटलांटिकात, कोणी आणखी कुठे, तर काही हिवाळा सरता सरता भूमध्य समुद्रापर्यंत. पण प्रत्येकाची आपापली वाट ठरलेली. गेल्या वर्षी जो जिथे गेला होता, साधारण तिथेच यंदाही जातो. ही वाट आईबापांनी दाखवलेली नसते. पिल्लू रात्री एकटंच बिळाबाहेर पडतं आणि एकटंच समुद्रावर जातं. मग वाट ठरते कशी, याचा शोध अजून चालू आहे.

या उपकरणाची एक मर्यादा मला फार बोलकी वाटते. २० मार्चच्या आसपास, संपाताच्या दिवसांत, सगळ्या पृथ्वीवर दिवस आणि रात्र जवळपास सारखीच असतात. मग दिवसाच्या लांबीवरून अक्षांश काढायचा कसा? ज्या आठवड्यांत पफिन घराकडे वळतात, नेमकं त्याच आठवड्यांत उपकरणाला उत्तर-दक्षिण कळेनासं होतं. दुसरी मर्यादा त्याहून मोठी. उपकरणातली माहिती हाती यायला पक्षी परत यावा लागतो, सापडावा लागतो. जो समुद्रात मेला त्याची वाट त्याच्याबरोबर बुडाली. म्हणजे हिवाळ्याचे सगळे नकाशे वाचलेल्यांचे आहेत. गेलेल्यांचा हिशेब हजेरीतूनच लावावा लागतो.

आणि हिवाळ्यात जाणं सोपं आहे. पफिनची ती रंगीत चोच आपण चित्रांत पाहतो ती फक्त विणीच्या काळातली. हंगाम संपला की चोचीवरचे रंगीत पापुद्रे गळतात आणि लहान, मळकट चोच उरते. वसंताच्या आधी ते पुन्हा चढतात. त्याच सुमाराला, हिवाळ्याच्या उत्तरार्धात, पंखांतली उडण्याची पिसंही झडतात आणि सगळी जवळपास एकदमच. नवी येईपर्यंत काही आठवडे पफिनला उडताच येत नाही. त्या दिवसांत मोठं वादळ आलं तर तो बाजूला होऊ शकत नाही. २०१४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत अटलांटिकवर एकामागून एक वादळं आली, तेव्हा फ्रान्स, ब्रिटन आणि स्पेनच्या किनाऱ्यांवर मिळून पन्नास हजारांहून अधिक समुद्रपक्षी मरून लागले. त्यांत पफिन सर्वाधिक होते. किनाऱ्याला लागलेले एवढे. जे समुद्रातच राहिले ते वेगळे.

ही हजेरी घ्यायची रीत कुठून आली, हे सांगायला स्कोकहोमवर मागे जायला हवं. १९२७ साली रोनाल्ड लॉकली नावाच्या विशीतल्या तरुणाने हे बेट भाडेपट्ट्याने घेतलं. बेटावर ससे पाळून, त्यांची कातडी विकून पोट भरायचं असा बेत होता. घर पडकं होतं. पुढच्याच वर्षी ‘अ‍ॅलिस विल्यम्स’ नावाचं शिडाचं जहाज बेटाच्या खडकांवर फुटलं, आणि त्याच्या लाकडांवर लॉकलीने घर उभं केलं. त्यातला कोळसा चुलीला झाला. सशांचा धंदा काही चालला नाही. पण घराभोवतीच्या जमिनीत बिळंच बिळं होती आणि त्यांत शिअरवॉटर राहत होते. लॉकली त्यांच्या मागे लागला.

मॅन्क्स शिअरवॉटर हा कबुतराहून थोडा मोठा, वरून काळा आणि खालून पांढरा पक्षी. वजन चारशे-साडेचारशे ग्रॅम. समुद्रावर लाटेला पंखाचं टोक लागेल न लागेल असा तो तरंगत जातो, आणि जमिनीवर मात्र त्याला धड उभंही राहता येत नाही. पाय शरीराच्या अगदी मागे असतात. पोहायला उत्तम, चालायला कुचकामी. म्हणून तो दिवसा जमिनीवर येतच नाही. आला तर काळ्या पाठीचे मोठे कुरव त्याला फाडून खातात. तो येतो रात्री, आणि रात्रही अंधारी हवी. चांदणं असेल तर बरेचसे पक्षी समुद्रावरच थांबतात.

लॉकलीने बिळांवर मातीची झाकणं केली, ती उचलून रोज आत पाहायचं. प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाचं कडं घातलं. इतकं साधं काम, पण त्यातून जे निघालं ते आधी कोणालाच ठाऊक नव्हतं. नर-मादी दोघंही पाळीपाळीने, सलग काही दिवस अंड्यावर बसतात. अंडं एकच, आणि ते उबायला सुमारे ५१ दिवस. पिल्लाला उडायला आणखी सत्तरच्या आसपास. एवढ्या लहान पाखराला एका पिल्लासाठी चार महिने! तीच जोडी, तेच बीळ, वर्षानुवर्षं. पुढे १९३३ मध्ये लॉकलीने बेटावर ब्रिटनमधलं पहिलं पक्षी-निरीक्षण केंद्र उभारलं आणि जाळीचा एक मोठा सापळा बांधला. तोंडाशी रुंद, आत निमुळता होत जाणारा, शेवटी एक पेटी. झुडपाच्या आशेने शिरलेलं पाखरू पेटीत सापडतं, त्याला कडं घालून, वजन करून सोडून देतात.

या सापळ्याला हेलिगोलँड सापळा म्हणतात. उत्तर समुद्रातल्या त्या जर्मन बेटावर १९१० पासून संशोधन केंद्र होतं आणि सापळ्यात पाखरं पकडून कडी घालण्याची ही पद्धत तिथे घडली. आपल्याला जवळचा दुवा असा की मुंबईचे सालिम अली १९२९-३० मध्ये बर्लिनला पक्षिशास्त्रज्ञ स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले, तेव्हा हेलिगोलँडवरही काम शिकले. परत येऊन ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि सुगरणीच्या घरट्यांवरचं त्यांचं गाजलेलं काम तिथे झालं. त्यांच्या नात्यातले हुमायून अब्दुलअली १९४० च्या सुमाराला वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर गेले. तिथे वीण करणाऱ्या सुरयांची आणि गुहांतल्या पाकोळ्यांची नोंद त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये केली. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या समुद्रपक्ष्यांच्या विणीबद्दलचं हे मोलाचं काम. वेंगुर्ल्याच्या त्या खडकांवर स्कोकहोमसारखी, दर वर्षी भरत जाणारी वही असावी असं मला मनापासून वाटतं. सुरय तिथे पावसाळ्याच्या तोंडावर येतात. ती हजेरी अरबी समुद्राबद्दल काय काय सांगेल!

परत शिअरवॉटरकडे. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर ते परततात आणि त्यांचं येणं डोळ्यांनी फारसं दिसत नाही, ते ऐकू येतं. संध्याकाळी बेटाबाहेर पाण्यावर मोठमोठे थवे जमतात, पण अंधार पूर्ण होईपर्यंत आत कोणी येत नाही. मग एक ओरड. घशातून खरवडून काढलेली, चार-पाच तुकड्यांची, मध्येच श्वास आत ओढल्यासारखी. तिला जमिनीखालून उत्तर येतं. तासाभरात डोक्यावर, पायाखाली, चहूबाजूंनी तेच. पक्षी अंधारातून येऊन गवतावर अक्षरशः आपटतात, पोटावर सरपटत बिळाच्या तोंडाशी जातात. अंगावरून गेला तर वारा लागतो, आणि एखादा माणसावर आदळतोसुद्धा. नराचा आवाज स्वच्छ सूर असलेला, मादीचा खरखरीत; त्यामुळे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही अशा अंधारात जोडीदाराची ओळख पटते. २०१८ च्या गणनेनुसार स्कोमरवर साडेतीन लाखांच्या आसपास आणि स्कोकहोमवर नव्वद हजारांच्या आसपास जोड्या आहेत. जगातले निम्म्याहून अधिक मॅन्क्स शिअरवॉटर या दोन-तीन लहानशा बेटांवर जन्मतात. आणि दिवसा बेटावर फिरणाऱ्या माणसाला त्यातला एकही जिवंत दिसत नाही. दिसतात ती फक्त कुरवांनी साफ करून टाकलेली पंखांची जोडकी.

ते येतात दक्षिण अमेरिकेहून. अर्जेंटिनाच्या पॅटागोनिया किनाऱ्याजवळ त्यांचा आपला हिवाळा, म्हणजे तिकडचा उन्हाळा, जातो. जाताना आफ्रिकेच्या पश्चिमेकडून ब्राझीलकडे, आणि येताना वेगळ्या वाटेने: उत्तरेला कॅरिबियनच्या बाजूने, उत्तर अमेरिकेच्या पूर्वेचा समुद्र धरून, मग अटलांटिक ओलांडून वेल्सला. सरळ रेषेत येण्यापेक्षा ही वाट लांब आहे, पण महासागरावरचे वारे तसेच फिरतात आणि शिअरवॉटर वाऱ्याच्या जिवावर उडतो. २००९ साली गिल्फर्ड यांच्या गटाने स्कोमरच्या पक्ष्यांवर बसवलेल्या उपकरणांतून हा फेरा पहिल्यांदा स्पष्ट दिसला. वाटेत ते थांबतातही, कधी दोन आठवडे. म्हणजे मार्चमध्ये बिळात शिरणारा पक्षी वाटेवरच्या दोन-तीन समुद्रांत जेवून आलेला असतो, आणि तिथे जेवण मिळालं की नाही याचा परिणाम त्याच्या येण्याच्या तारखेवर होतो.

इथे एक जुनी गोष्ट नव्याने पाहण्यासारखी आहे. शिअरवॉटरला घर कसं सापडतं हे पाहायला लॉकलीने पक्षी दूर नेऊन सोडायला सुरुवात केली होती. व्हेनिसहून सोडलेला एक पक्षी दोन आठवड्यांत बिळात परत आला होता. १९५२ मध्ये बॉस्टनच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवणारे रोझारियो माझेओ स्कोकहोमहून दोन पक्षी पेटीतून अमेरिकेला घेऊन गेले. एक वाटेत दगावला. दुसरा बॉस्टनच्या बंदराशी सोडला. कड्यावरचा क्रमांक होता एएक्स ६५८७. साडेबारा दिवसांनी, सुमारे ४,९०० किलोमीटर समुद्र ओलांडून, तो आपल्या बिळात होता. त्याला सोडल्याची खबर देणारं पत्र बेटावर त्याच्यानंतर पोचलं. तेव्हा सगळ्यांचं म्हणणं असं की अनोळखी समुद्रातून तो परत आला. आता परतीची वाट अमेरिकेच्या पूर्वेच्या समुद्रातून जाते हे कळल्यावर मला वाटतं, तो समुद्र त्याला तितका अनोळखी नसावा. दर वसंतात तो तिथून जवळूनच जात असेल. यामुळे त्याच्या कर्तबगारीला उणेपणा येत नाही. उलट, त्याच्या डोक्यातला नकाशा आपल्या कल्पनेपेक्षा किती मोठा होता हे कळतं.

मार्च-एप्रिलमध्ये बेटावर येणारे सगळेच काही समुद्रपक्षी नसतात. जमिनीवरचे प्रवासी पक्षीही दमून-भागून याच खडकावर टेकतात. सर्वांत आधी रणगोजा, मार्चच्या मध्याला, आफ्रिकेतून. मग बारीक वटवटे, एप्रिलमध्ये भिंगऱ्या. रात्री आकाश स्वच्छ असेल तर ही पाखरं बेटावरून तशीच पुढे निघून जातात आणि सकाळी काहीच दिसत नाही. आग्नेयेचा वारा, मध्यरात्रीनंतर ढग आणि बारीक पाऊस असेल तर मात्र पहाटे प्रत्येक दगडी बांधावर काही ना काही बसलेलं असतं. पक्षीवाल्यांना म्हणून वाईट हवेची ओढ.

रात्री जेवणं झाली की सगळे एका टेबलाभोवती बसतात आणि केंद्रप्रमुख जातींची यादी क्रमाने वाचतो. रणगोजा? दीपस्तंभाकडे सात. उत्तरेच्या खाडीत चार, त्यातले दोन बहुधा तेच. मग वाद, मग तडजोड, मग आकडा वहीत. ज्या जातीचा पक्षी दिसला नाही तिचंही नाव वाचलं जातं. हा शिरस्ता अशा बेटांवर पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. शून्य लिहिणं हे पाहिलं त्याची नोंद करण्याइतकंच महत्त्वाचं. शून्य लिहिलेलं असेल तरच ‘आला नाही’ आणि ‘कोणी पाहिलं नाही’ यांतला फरक वीस वर्षांनी कळतो. स्कोकहोमच्या वहीतही एक मोठी फट आहे. १९७६ मध्ये तिथलं कडी घालण्याचं काम थांबवण्यात आलं. पुढे २००६ साली वन्यजीव ट्रस्टने बेट विकत घेतलं, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं राबून इमारती उभ्या केल्या, आणि २०१४ मध्ये ते पुन्हा मान्यताप्राप्त पक्षी-निरीक्षण केंद्र झालं. मधल्या वर्षांत कडी घातलेले पक्षी मिळाले असते तर काय कळलं असतं, ते आता कोणत्याही पैशाने मिळायचं नाही.

गिलेमॉटची हजेरी याहून वेगळी आणि फार कष्टाची. हा उभा राहणारा, काळा-पांढरा पक्षी कड्याच्या वीतभर रुंद कंगोऱ्यांवर खांद्याला खांदा लावून वीण करतो. घरटं नाही, अंडं थेट दगडावर. स्कोमरवर टिम बर्कहेड यांनी १९७२ मध्ये त्यांचा अभ्यास सुरू केला. १९३० च्या दशकातल्या छायाचित्रांवरून अंदाज केला तर तेव्हा तिथे एक लाखाच्या आसपास जोड्या असाव्यात. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांच्या तेलाने त्यांची धूळधाण झाली आणि बर्कहेड पोचले तेव्हा साधारण दोन हजार उरल्या होत्या. त्यांनी रंगीत कड्यांच्या वेगवेगळ्या जुळण्या घातल्या, जेणेकरून समोरच्या कड्यावरून दुर्बिणीतून पाहून प्रत्येक पक्षी नावानिशी ओळखता यावा. दर वसंतात तेच काम: समोर बसायचं आणि पाय पाहायचे. पक्षी पायावर बसलेला असेल तर तो उठेपर्यंत थांबायचं.

इथे गैरहजर म्हणजे मेला, असा सरळ हिशेब चालत नाही. पक्षी आला असेल आणि दिसला नसेल, किंवा एक हंगाम त्याने वीण टाळली असेल आणि पुढच्या वर्षी त्याच कंगोऱ्यावर उभा असेल. म्हणून कोणत्या वर्षी किती गेले हे दोन-तीन वर्षांनंतर पक्कं होतं. जितकी वर्षं जास्त, तितका मागचा हिशेब स्वच्छ. अशा लांबलचक नोंदींतून २००५ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इरिका, प्रेस्टिज अशा तेलवाहू जहाजांच्या अपघातांनी ज्या हिवाळ्यात समुद्र माखला, त्या हिवाळ्यात स्कोमरच्या प्रौढ गिलेमॉटांचा मृत्युदर जवळपास दुप्पट झाला होता. प्रेस्टिज फुटलं स्पेनच्या किनाऱ्याजवळ, आणि इरिका फ्रान्सच्या. तेल लागून किनाऱ्यावर पडलेल्या पाखरांची मोजणी त्या त्या देशात झालीच होती. पण त्यामुळे एका वस्तीतली किती पाखरं कमी झाली, हे वेल्समधल्या एका कड्यासमोर बसून पाय पाहणाऱ्या माणसांमुळे सिद्ध झालं.

आणि याच कामाचा सरकारी निधी नेमका २०१४ च्या त्या वादळी हिवाळ्याच्या सुमारास थांबला. ज्या वसंतात हजेरीची गरज सर्वांत जास्त, त्याच वसंतात वही बंद पडायची वेळ आली. बर्कहेड यांनी लोकांपुढे हात पसरले, देणग्या गोळा झाल्या आणि काम सुरू राहिलं. मला याचा राग येतो. अशा अभ्यासाला लागणारी रक्कम फार लहान असते; पण दर वर्षी नवं काही ‘शोधून’ दाखवा असं म्हणणाऱ्या व्यवस्थेला चाळीस वर्षं तीच गोष्ट मोजणाऱ्याचं मोल कळत नाही. याच वहीतून दिसलं की गिलेमॉट १९७० च्या दशकापेक्षा आता सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालतात. हे तीन वर्षांच्या प्रकल्पात कळणं शक्यच नव्हतं.

हजेरीचा सर्वांत अलीकडचा धक्का गॅनेट या समुद्रपक्ष्यांनी दिला. स्कोमरच्या पश्चिमेला ग्रासहोम हा खडक आहे, दुरून बर्फ पडल्यासारखा पांढरा दिसणारा, तो गॅनेटांमुळे. २०२२ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लू तिथे पोचला. २०२३ च्या मोजणीत वस्ती निम्म्याहून कमी भरली; साधारण चौतीस हजार घरट्यांवरून साडेसोळा हजारांवर. स्कॉटलंडच्या बास रॉकवरच्या गॅनेटांत तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. गॅनेटचा डोळा फिकट निळसर असतो. परतलेल्यांपैकी काहींचे डोळे काळे झाले होते. रक्त तपासल्यावर कळलं की अशा काळ्या डोळ्यांच्या पाखरांना बहुतेक रोग होऊन गेला होता आणि ती त्यातून वाचली होती. कोण आलं एवढंच नाही, तर काय सोसून आलं हेही पहिल्यांदाच पाखराच्या तोंडावर वाचता आलं.

सगळ्यांच्या शेवटी, एप्रिल सरता सरता आणि मे महिन्यात, येतो स्टॉर्म पेट्रेल. चिमणीएवढा, पंचवीस-तीस ग्रॅमचा, काजळी रंगाचा, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रातून हे एवढंसं पाखरू विषुववृत्त ओलांडून येतं आणि स्कोकहोमच्या जुन्या दगडी बांधांच्या सांदीत शिरतं. तेही रात्रीच. बेटावर त्यांच्या सुमारे दोन हजार जोड्या आहेत आणि त्यांना मोजायची पद्धत अशी की दिवसा बांधाशी बसून त्यांच्याच आवाजाची ध्वनिफीत वाजवायची आणि आतून उत्तर येतं का ते ऐकायचं. सगळे उत्तर देत नाहीत. म्हणून ज्या ठिकाणी पक्षी आहे हे नक्की ठाऊक असतं, तिथे रोज वाजवून किती वेळा उत्तर येतं ते काढतात आणि त्या प्रमाणात एकूण आकडा वाढवतात. वाजवणारा माणूस बांधाच्या एका टोकाने सुरू करतो, मीटर-मीटरने सरकतो, कान दगडाला लावतो. उत्तर आलं तर तिथे खूण करतो. केंद्राने आता खास त्यांच्यासाठी एक नवी भिंतही रचली आहे, बाहेरून दगडी आणि आतून लहान कप्प्यांची, म्हणजे दगड न हलवता आतून अंडं पाहता येतं.

पेट्रेल बांधात शिरेपर्यंत पफिनच्या बिळांत अंडी आलेली असतात, गिलेमॉटही अंड्यांवर असतात, आणि शिअरवॉटरच्या माद्या दोनेक आठवडे समुद्रात जाऊन, वजनाच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढं एकुलतं एक अंडं पोटात घडवून बिळात परतलेल्या असतात. रात्रीच्या टेबलावरची यादी तीच राहते, प्रश्न बदलतात. कोण आलं याऐवजी आता कोणत्या बिळात काय आहे ते विचारलं जातं, आणि वहीत जूनची पानं सुरू होतात.